घर विकण्याआधी डॉक्टरांना शेडबद्दल सांगा

मॅडम, सप्रेम नमस्कार.

आम्ही सोलापूरचे. माझे मिस्टर ४१ वर्षांचे, टॉवेलच्या यंत्रमागावर कामाला आहेत. मी घरी विड्या वळते. गेल्या दिवाळीनंतर त्यांना रक्ताची उलटी झाली. सिव्हिलला नेलं, दुर्बिणीतून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या नसा बांधल्या. कावीळ ‘बी’चा विषाणू अंगात आहे, त्यानं लिव्हर निबर होऊन सिरॉसिस झालाय आणि पोटात पाणी आहे असं सांगितलं. विषाणूची गोळी सिव्हिलमधून मिळते, सहा महिने ती रोज घेतात.

मिस्टर माळकरी आहेत, दारूचा थेंब घेत नाहीत. तरी मागावर, नात्यात, गल्लीत सगळे म्हणतात, चोरून पीत असणार. त्यांनी भजनाला जायचं सोडलंय. सासूबाईंनी त्यांचं ताट-तांब्या वेगळा केलाय. वरण, दूध, दही बंद करून पातळ भात आणि उसाचा रस देतात. लघवीची गोळी आणि एक गोड पातळ औषधही दिलंय, पण कामाच्या दिवशी ते ही दोन्ही घेत नाहीत, कारण शेडमध्ये संडास नाही आणि माग सोडून जाता येत नाही. मध्ये दोन दिवस ते भलतंच बोलत होते, रात्रभर जागे आणि दिवसा झोपलेले. सासूबाईंनी देवरुशी बोलावला. नणंदेनं वैदूचं औषध चालू केलंय, महिन्याला ३,५०० रुपये.

पुण्याच्या एका खासगी डॉक्टरांनी लिव्हर बदलावं लागेल, २५ लाख धरून चाला असं सांगितलं. दीर म्हणतात, विडी घरकुलातलं घर विका आणि लिव्हर बायकोनं द्यायचं. घर माझ्या नावावर आहे. मुलगी नववीत, मुलगा सहावीत. पोरीची शाळा सोडवून तिला विड्यांना बसवा असंही घरात चाललंय. बचत गटाचं कर्ज डोक्यावर आहेच. मी काय करू?

— एक वाचक, सोलापूर


ताई,

घर विकू नका आणि मुलीची शाळा बंद करू नका. निदान मी खाली लिहिते ती कामं होईपर्यंत तरी या दोन्ही गोष्टींना कुणी हात लावायचा नाही, असं घरात आजच सांगून टाका. दोन्ही एकदा गेल्या की परत येत नाहीत, आणि त्या घालवायची वेळ अजून आलेली नाही असं तुमच्या पत्रावरून मला ठामपणे वाटतं.

तुमचा प्रश्न लिव्हर बदलण्याचा आहे, पण पत्रातल्या दुसऱ्याच एका ओळीवर मी अडकले. कामाच्या दिवशी ते औषध घेत नाहीत. माझ्या मते सगळं प्रकरण तिथं बिघडतंय, म्हणून आधी त्याबद्दल बोलू.

लघवीची गोळी पोटातलं पाणी उतरवते. ती घेतली की पुढचे चार-सहा तास माणसाला सारखं उठावं लागतं. ते गोड औषध म्हणजे लॅक्टुलोज. बद्धकोष्ठाचं औषध समजून लोक ते सोडून देतात, पण इथे त्याचं काम वेगळं आहे. आतड्यात अमोनियासारखी विषारी द्रव्यं तयार होतात आणि चांगलं लिव्हर ती गाळून टाकतं. सिरॉसिस झालेल्या लिव्हरला ते झेपत नाही, मग ती द्रव्यं रक्तावाटे मेंदूपर्यंत पोचतात. दिवसातून दोन-तीन वेळा मऊ शौचाला झालं की ती बाहेर पडतात, म्हणून ते औषध. ते चुकलं, पोट साफ झालं नाही किंवा अंगात कुठे जंतुसंसर्ग झाला, की झोप उलटीपालटी होते, हात थरथरतात, माणूस भलतंच बोलतो, कधी चिडतो, कधी ओळखत नाही. तुमच्या घरी ते दोन दिवस बहुधा हेच झालं होतं. बाहेरचं काही नव्हतं. पुन्हा असं दिसलं तर देवरुशाची वाट बघायची नाही, त्याच तासाला सिव्हिल गाठायचं. काळी डांबरासारखी शौच, रक्ताची उलटी, पोटात पाणी असताना ताप किंवा पोटदुखी, यातलं काहीही दिसलं तरी तेच.

आता त्यांच्या बाजूनं बघा. माग चालेल तेवढीच मजुरी. एक माणूस एका वेळी दोन-चार माग सांभाळणार, धागा तुटला की धावणार, माग बंद पडला की तेवढे पैसे गेले. शेडमध्ये संडास नाही. अशा माणसानं पहाटे गोळी घेऊन बारा तासांच्या पाळीला उभं राहायचं कसं? ते औषध टाळतात ते निष्काळजीपणानं नाही. पोराबाळांच्या पोटासाठी टाळतात. पण मग पोटात पाणी साचतं, ते सुई घालून काढावं लागतं, सोबत अल्ब्युमिन नावाचं महागडं प्रथिन शिरेतून चढवावं लागतं, चार दिवस दाखल व्हावं लागतं. संडासाला न गेल्यानं वाचलेली मजुरी त्या चार दिवसांत सव्याज जाते.

मी सरकारी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात नोकरी केली. केसपेपरवर ‘औषधे अनियमित’ हे दोन शब्द किती वेळा वाचले असतील याची गणती नाही. खाली बसून विचारलं की त्यामागे कधी वॉचमनची चौकी निघायची, कधी चाळीतला सामाईक संडास, कधी उसाचा फड. डॉक्टरांना तपासणीत लिव्हर दिसतं, शेड दिसत नाही. ओपीडीच्या गर्दीत ते विचारत नाहीत आणि पेशंट लाजेनं सांगत नाही. म्हणून पुढच्या खेपेला तुम्ही स्वतः सोबत जा आणि सरळ या शब्दांत सांगा: “साहेब, हे सकाळपासून रात्रीपर्यंत मागावर उभे असतात. तिथं संडास नाही. म्हणून कामाच्या दिवशी लघवीची गोळी आणि गोड औषध घेत नाहीत. पाळीप्रमाणे वेळ बसवून द्या.” बरंच काही करता येतं. गोळी पहाटे लवकर घेऊन तिचा जोर घरीच ओसरू देता येतो. लॅक्टुलोजचा मोठा भाग घरी आल्यावर देता येतो. कधी डोस बदलतो, कधी दुसरी गोळी जोडतात. तुमच्या मनानं मात्र यातलं काही करू नका. आठवड्याचं वजन आणि रोज किती वेळा शौचाला झालं, एवढं मुलीच्या जुन्या वहीत लिहून ठेवलं तर डॉक्टरांना डोस बसवायला मोठी मदत होते.

मालकाशी किंवा मुकादमाशी बोलायची तयारीही ठेवा. मागाऐवजी घडी, तपासणी, पॅकिंग असं बसून करायचं काम मिळालं तर मजुरी कमी येईल, पण ती टिकेल. बीम उचलणं, गठ्ठे ओढणं आता बंदच. पोटात पाणी असलेल्याला बेंबीजवळ हर्निया चटकन होतो. आणि एक गोष्ट आजच्या आज: मागावरचे कामगार अंग दुखलं की मेडिकलमधून दोन रंगीत गोळ्या घेतात, तशा यांनी घ्यायच्या नाहीत. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्या सिरॉसिसमध्ये किडनी बंद पाडू शकतात आणि बांधलेल्या नसांमधून पुन्हा रक्त काढू शकतात. अंगदुखीला काय घ्यायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

मजुरीच्या चिठ्ठीत ‘ईएसआय’ म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्यासाठी काही कापतात का ते बघा. कामगाराचा हिस्सा पगाराच्या ०.७५ टक्के असतो, म्हणजे रक्कम बारीक दिसेल, पण तिच्यामागे मोठा हक्क आहे. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेले कामगार त्यात येतात. साध्या आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के मजुरी मिळते. लांबणाऱ्या आजारांची जी वेगळी यादी आहे, तीत पोटात पाणी झालेला सिरॉसिस स्पष्ट लिहिलेला आहे. सलग दोन वर्षांची नोकरी आणि पुरेशी वर्गणी भरलेली असेल तर ८० टक्के मजुरी, गरजेप्रमाणे दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. पुष्कळ शेडमध्ये नोंदणीच केलेली नसते हे मला ठाऊक आहे. पण न विचारता सोडू नका. एकट्यानं मालकाला जाब विचारायला जाऊ नका, त्यात आहे ती नोकरीही जायची. तुम्हाला घरकुल मिळवून देताना जे युनियनचे लोक धावले, त्यांना आधी भेटा. हे काम त्यांना पाठ असतं.

आता दारूच्या संशयाचं. हे मला मनापासून लिहायचंय, कारण या आजारात औषधाच्या खर्चाखालोखाल माणसाला कुणी पोखरत असेल तर ही कुजबुज. लिव्हर म्हटलं की आपल्याकडे बाटलीच डोळ्यांसमोर येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे आपल्या देशात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांच्या अंगात हिपॅटायटिस ‘बी’, म्हणजेच कावीळ ‘बी’चा विषाणू आहे आणि सुमारे ५५ लाखांच्या अंगात ‘सी’. त्यात बायका आहेत, शाळकरी मुलं आहेत, माळकरी आहेत. शिवाय मधुमेह आणि लठ्ठपणामुळे लिव्हरवर चरबी चढून सिरॉसिसपर्यंत गेलेले वेगळेच. तुमच्या मिस्टरांना हा विषाणू बहुधा अगदी लहानपणी लागला असेल, जन्मताना आईकडून किंवा नीट न उकळलेल्या सुईतून. तो वर्षानुवर्षं गप्प बसतो. कष्टकऱ्यांच्या घरात तो कळतो तो थेट रक्ताच्या उलटीनंतर, कारण त्याआधी तपासणीला जायला रोज बुडवावा लागतो.

हे गल्लीत जरूर सांगा. पण ताई, “आमचे हे पिणाऱ्यातले नाहीत” एवढ्यावरच थांबू नका. शेजारच्या खाटेवरचा जो खरंच पीत होता, त्यालाही हाच आजार आहे, त्याच्याही बायकोला हेच तोंड द्यावं लागतंय. बारा तास उभं राहून अंग मोडलं की पाळी सुटल्यावर समोर गुत्ता असतो, हे आपण दोघीही बघतो. त्याचं लिव्हर स्वस्त आणि यांचं महाग असं काही नाही. दारूच्या नावाखाली माणसाला टाकून द्यायची सवय गेली, तर न पिणाऱ्यांवरचा संशयही आपोआप जाईल. मिस्टरांना भजनाला पाठवा. पहिल्या वेळी तुम्ही बरोबर जा. सिव्हिलचा कागद दाखवत फिरायची गरज नाही, पण मंडळातल्या एखाद्या वडीलधाऱ्याला बाजूला घेऊन विषाणूची कावीळ आहे एवढं कानावर घाला. पुढचं ते बघतात.

ताट-तांब्या वेगळा करायचं काहीच कारण नाही. हिपॅटायटिस ‘बी’ जेवणातून, भांड्यातून, पाण्यातून, शेजारी झोपल्यानं, मुलांना जवळ घेतल्यानं पसरत नाही. तो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला जातो. त्यांचं दाढीचं ब्लेड, नेलकटर आणि दात घासायचा ब्रश तेवढा वेगळा ठेवा. आणि तुम्ही, दोन्ही मुलं, सासूबाई, सगळ्यांची तपासणी करून घ्या. २८ जुलै २०१८ पासून केंद्र सरकारचा विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. त्यात ‘बी’ आणि ‘सी’ची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. मिस्टरांची गोळी त्यातूनच मिळत असणार. ज्यांच्या अंगात विषाणू नाही आणि लसही झालेली नाही, त्यांना तीन डोसांची लस घेता येते. तुमची लस पूर्ण होईपर्यंत निरोध वापरा, हे डॉक्टरांसमोर विचारायला संकोच वाटतो म्हणून इथे लिहिते. देशभरातल्या बाळांना ही लस सरकारकडून मिळायला २०११ उजाडलं, म्हणून मुलीचं लसीकरणाचं कार्ड मुद्दाम शोधा.

सासूबाईंच्या तपासणीबद्दल जरा जपून बोला. त्यांच्याही अंगात विषाणू निघाला तर “तुझ्यामुळंच पोराला झालं” असं कुणीतरी बोलून मोकळं होईल. त्या काळात आपल्यासारख्यांपर्यंत ना तपासणी पोचली होती ना लस. त्यांनी ताट वेगळं केलं ते नातवंडांच्या भीतीनं. शक्य असेल तर डॉक्टरांकडे त्यांनाही न्या. ताट एकत्र चालतं हे सुनेच्या तोंडून ऐकण्यापेक्षा त्यांना डॉक्टरांच्या तोंडून पटेल.

जेवणाचंही त्यांच्यासमोरच विचारून घ्या. काविळीला वरण-दूध बंद आणि उसाचा रस ही समजूत घरोघर आहे आणि सिरॉसिसमध्ये ती फार नुकसान करते. हा आजार दंडा-मांडीचा मांसल भाग खातो. अशा पेशंटला प्रथिनं नेहमीपेक्षा जास्त लागतात. घट्ट वरण, मटकी-मूग, दूध, दही, सोयाबीन, फुटाणे, शेंगदाणे यातलं काहीतरी प्रत्येक जेवणात हवं. भूक लागत नाही, पोट गच्च वाटतं, म्हणून थोडं थोडं पाच-सहा वेळा द्या. रात्री झोपण्याआधी दुधात कुस्करलेली भाकरी किंवा केळं आणि मूठभर फुटाणे हवेतच. रात्रभर पोट रिकामं राहिलं की शरीर स्वतःचंच मांस जाळतं. उसाचा रस पोट भरतो आणि साखर वाढवतो, बाकी त्यात काही नाही. गाड्यावरच्या रसातल्या बर्फाचं पाणी कुठलं असतं तेही माहीत नाही.

कमी करायचं ते मीठ. घरच्या स्वयंपाकासकट दिवसाला एका लहान चमच्याच्या आत. हे लिहिताना मला जाणवतं की गरिबाचं जेवण मिठावरच उभं असतं. भाजी नसली की कडक भाकरी आणि शेंगा चटणी, नाहीतर ठेचा, नाहीतर लोणच्याची फोड. पण शेंगा चटणी बंद करू नका, शेंगदाण्यात प्रथिनं आहेत. त्यांच्यापुरती वेगळी कुटा, मीठ न घालता लसूण, जिरं, तिखट वाढवून, वरून लिंबू पिळून. चार दिवस बेचव लागेल, मग जीभ सरावते. पापड, लोणचं, फरसाण, पाकिटातले मसाले मात्र पूर्ण बंद. सैंधव मीठ म्हणून कुणी दिलं तर तेही मीठच.

माळकरी आहेत म्हणजे एकादशी असणार. निर्जळी किंवा दिवसभर उपाशी राहणं त्यांना आता चालणार नाही. दूध, शेंगदाणे, राजगिऱ्याचा लाडू, केळं असं दर तीन तासांनी खाऊन व्रत पाळता येतं. औषधं एकादशीलाही घ्यायचीच.

वैदूचं औषध आज थांबवा. त्यात काय आहे हे तो सांगत नसेल तर ते सिरॉसिसच्या माणसाच्या तोंडात जाता कामा नये. ‘झाडपाला आहे, अपाय काय होणार’ हे लिव्हरच्या बाबतीत खरं नाही. कोरोनाच्या काळात गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या लिव्हरला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली वैद्यकीय नियतकालिकात नोंदवलं. आयुष मंत्रालयानं त्यावर हरकत घेतली आणि वाद झाला. पण आधीच अर्धमेलं झालेलं लिव्हर अशा वादात पणाला लावायचं नसतं. नणंदेला दुखवू नका. तेच ३,५०० रुपये तिनं दर महिन्याला दुधासाठी, डाळीसाठी आणि सिव्हिलच्या रिक्षासाठी द्यावेत असं सांगा. भावासाठी काही केल्याचं समाधान तिलाही मिळेल.

आता लिव्हर बदलण्याचं. पुण्याच्या डॉक्टरांनी चूक सांगितलं असं मी म्हणत नाही. पण ‘पुढे कधीतरी लागेल’ आणि ‘आत्ताच लागेल’ यात फार अंतर आहे. हिपॅटायटिस ‘बी’मुळे झालेल्या सिरॉसिसमध्ये विषाणूची गोळी नियमित घेतली तर पोटातलं पाणी उतरून प्रकृती पुष्कळ सुधारलेली माणसं असतात. काहींना बदलायची गरज उरत नाही. सुधारणा व्हायला महिने लागतात आणि तुमचे आत्ताशी सहा झालेत, तेही बाकीची औषधं अर्धवट घेऊन. ही गोळी मात्र एक दिवसही चुकवू नका आणि बरं वाटलं म्हणून बंद करू नका, विषाणू उसळतो. डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा: “यांचा मेल्ड स्कोअर किती आहे?” आणि “तो मागच्या वेळेपेक्षा वाढलाय की उतरलाय?” रक्ताच्या तपासण्यांवरून लिव्हर किती बिघडलंय याचा काढलेला हा आकडा असतो, बदलायची घाई आहे की नाही हे त्यावरून बरंचसं ठरतं. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफीही लागते, कारण या आजारात लिव्हरमध्ये गाठ होऊ शकते आणि लवकर सापडली तर उपाय असतो.

आणि समजा, बदलायची वेळ आलीच. तुमच्या दिरांचं एक वाक्य मला खुपलं, “लिव्हर बायकोनं द्यायचं.” देशातल्या अवयव प्रत्यारोपणाच्या सरकारी नोंदीत १९९५ ते २०२१ या काळात ३६,६४० जणांना अवयव मिळाले. त्यात २९,६९५ पुरुष होते आणि ६,९४५ बायका. आणि जिवंतपणी देणाऱ्यांमध्ये बायकाच जास्त. तुम्हाला मनापासून द्यायचं असेल तर त्यात काही वावगं नाही, उरलेलं लिव्हर काही महिन्यांत वाढून भरून येतं. पण ती मोठी शस्त्रक्रिया आहे. धोका कमी असला तरी शून्य नाही. दोन-तीन महिने तुम्हाला जड काम जमणार नाही. म्हणजे एकाच घरात, एकाच वेळी, कमावणारी दोन्ही माणसं अंथरुणावर. मुलांचं कोण बघेल, विड्या कोण वळेल, याचं उत्तर दिरांकडे आहे का, ते विचारा. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे जवळच्या नात्यात भाऊही येतो. त्यांचीही तपासणी होऊ शकते.

तुम्ही नाही म्हणू शकता, अगदी शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत. परवानगी देण्याआधी देणाऱ्याला वेगळं बसवून विचारतात, तेव्हा खरं सांगा. बोलायची हिंमत होत नसेल तर आधी डॉक्टरांना एकट्यानं भेटा. देणारी व्यक्ती वैद्यकीयदृष्ट्या योग्य नाही एवढंच ते घरच्यांना सांगू शकतात. मृत दात्याकडून मिळणाऱ्या लिव्हरसाठीही नाव नोंदवता येतं. सोलापूरसाठी ते काम पुण्याची विभागीय अवयव प्रत्यारोपण समन्वय समिती बघते, नोंदणी मान्यताप्राप्त रुग्णालयातूनच होते.

पैशांचं. जुलै २०२४ पासून महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुठल्याही रंगाचं रेशनकार्ड चालतं आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. दाखल होतानाच त्याला गाठा, बिल झाल्यावर नाही. ही योजना मुख्यतः दाखल पेशंटसाठी आहे. रोजच्या गोळ्या तीत बसत नाहीत आणि आजाऱ्याचं घर तिथंच हळूहळू रिकामं होतं, म्हणून सिव्हिलमध्ये न मिळणाऱ्या गोळ्या जनऔषधी केंद्रात बघा. पुण्या-मुंबईची पुष्कळ मोठी खासगी रुग्णालयं धर्मादाय ट्रस्टची आहेत. उच्च न्यायालयानं आखून दिलेल्या योजनेप्रमाणे त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वर्षाचं उत्पन्न १,८०,००० रुपयांच्या आत असेल तर निर्धन, ३,६०,००० च्या आत असेल तर दुर्बल. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा. ऐन वेळी तो मिळत नाही आणि त्यावाचून तुमचं कुणी ऐकत नाही. मुख्यमंत्री वैद्यकीय सहायता निधीचा अर्जही रुग्णालयाच्या समाजसेवा विभागातून भरून घेता येतो. हे सगळं संपल्याशिवाय घर विकायचा विषय नको. घर गेलं तर भाडं सुरू होईल आणि बरा होऊन आलेल्या माणसाला स्वतःचा संडाससुद्धा उरणार नाही. घरकुलाच्या कागदांत विक्रीबद्दल काय अटी आहेत तेही सोसायटीत विचारा.

मुलीची शाळा. तुमच्याकडे विडी कामगाराचं ओळखपत्र असेल तर मुलांना केंद्रीय कामगार मंत्रालयाची शिष्यवृत्ती आहे, इयत्तेप्रमाणे वर्षाला १,००० पासून २५,००० रुपयांपर्यंत. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरायचा. दोन्ही मुलांचा भरा, शाळेतले सर मदत करतील. नववीतली पोर तंबाखूच्या धुळीत बसवून जी मजुरी येईल, ती तिच्या पुढच्या चाळीस वर्षांतून वजा होईल. तिला घरासाठी काही करायचं असेल तर औषधांची वही तिच्या ताब्यात द्या. गोळ्यांची नावं, वेळा, वजन. हे काम तिला तुमच्यापेक्षा नीट जमेल.

तुम्ही स्वतःबद्दल पत्रात एक अक्षर लिहिलेलं नाही. बचत गटाच्या बैठकीत घरची परिस्थिती उघड सांगा आणि हप्ता पुढे ढकलून मागा. लपवून हप्ता भरण्यासाठी सावकाराकडे जाऊ नका. गटातल्या निम्म्या बायकांच्या घरी काही ना काही आजारपण असतं, त्या समजून घेतील.

सिव्हिलला जायचा दिवस ठरला की आदल्या दिवशीच कारखान्यात सांगून ठेवा, म्हणजे विड्यांचा माल दुसऱ्या दिवशी घेतील. जाताना रेशनकार्ड, सगळ्यांची आधारकार्डं, जुने रिपोर्ट, मजुरीच्या चिठ्ठ्या, वैदूच्या औषधाची बाटली आणि ती वही पिशवीत घ्या. डॉक्टरांना भेटून झालं की त्याच आवारातल्या समाजसेवा अधीक्षकांकडे जा. आणि तुमच्या स्वतःच्या हिपॅटायटिस ‘बी’च्या तपासणीचा निकाल मला कळवा.